सहा जणींचा सामना

संक्रांत उलटून गेली, तिळगुळाचे डबे रिकामे झाले की मला एक फोन येतो. नाशिक-पेठ रस्त्यावरच्या एका गावातून, मथुरामावशींच्या सुनेचा. इकडचं तिकडचं काही नाही, तब्येतीची चौकशी नाही, सरळ मुद्द्यावर. "ताई, यंदा माळा किती?"

माघात त्या गावची जत्रा असते आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलींच्या कबड्डीचा निमंत्रित सामना. विद्यापीठाचा हंगाम तोवर संपलेला असतो. या सामन्यातून कोणाची कुठे निवड होत नाही, कुठल्या प्रमाणपत्रावर त्याची नोंद होत नाही. तरी आमच्या कॉलेजचा संघ तिथे दर वर्षी जातो. मी खेळायचे तेव्हाही जायचा. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलींचा तो कॉलेजकडून शेवटचा सामना. मावशींचं घर फुलशेतीवालं, म्हणून खेळ संपला की त्या या मुलींच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात. जेवढ्या मुली कॉलेज सोडून चालल्या तेवढ्या माळा. आता मावशी थकल्या आहेत, माळा सून गुंफते, पण घालायला मावशी स्वतः खाटेवरून उठून येतात.

यंदा मला आकडा सांगता आला नाही. "शेवटच्या वर्षाला तिघीच आहेत, पण माळा दोन की तीन ते उद्या सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला. कधी नव्हे ते अडले.

थंडी म्हटलं की लोकांना नाशिकची द्राक्षं आठवतात. मला मलमाचा वास आठवतो. पंचवटीतल्या मैदानावर सकाळी सहाला पोचायचं, मातीवर रात्रीचं दव असायचं तरी वरून पाणी मारायचं, कारण कोरडी माती सोलून काढते. मग फक्कीने रेघा आखायच्या. स्वेटर काढायला कोणीच तयार नसायचं. शेवटी आमचे खेळाचे सर शिट्टी फुंकायचे आणि एका कोपऱ्यात लाल, निळ्या, मोरपंखी स्वेटरांचा ढीग पडायचा. पहिल्या पकडीला अंग मातीवर आपटलं की तोंडातून आईचं नाव निघायचं. दुसऱ्या पकडीला थंडी कुठल्या कुठे. आता मी विमा कचेरीत नोकरी करते आणि सकाळी सहा ते आठ त्याच मैदानावर आमच्याच कॉलेजच्या मुलींना खेळवते. मुली मॅटवरही खेळतात, त्यांचे बूट माझ्या लग्नातल्या साडीपेक्षा भारी असतात. पण मलमाचा वास तोच आहे. आणि मुलींच्या मते माझा आवाजही तोच आहे, चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जाणारा. मी तापट आहे. हे मला लहानपणापासून सांगण्यात आलेलं आहे आणि मी ते कधी नाकारलेलं नाही.

तर सई. ही माझी सगळ्यात चांगली चढाईपटू, शेवटच्या वर्षाला. मधली रेघ ओलांडून समोरच्या अंगणात गेली की समोरच्या मुलींची पावलं आपोआप मागे जातात, तिने अजून काही केलेलं नसतं तरी. तिला एका नव्या लीगच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं आहे. सामना रविवारी, शिबिर मंगळवारी. परवा सराव संपल्यावर ती नखातली फक्की काढत माझ्यासमोर उभी राहिली. बराच वेळ काढतच राहिली.

"ताई, रविवारी मी नाही खेळले तर चालेल का?"

"का?"

"शिबिर आहे ना. तिथे जत्रेत ग्राउंड कसंही असतं. गुडघ्याला काही झालं तर..."

माझ्या डोक्यात काय सणक गेली म्हणून सांगू. मी तिला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. शिट्टी फुंकून सगळ्या मुलींना गोल बसवलं आणि सहा जणींची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते. गेली पंधरा-सोळा वर्षं तरी. लग्नातही सांगते, कचेरीच्या सहलीला सांगते. माझ्या नवऱ्याला ती इतकी पाठ आहे की मी कुठे अडखळले तर तो पुढचं वाक्य पुरवतो. गोष्ट अशी. मी कॅप्टन होते. माझ्याच वर्गातली सुनंदा आमची मुख्य चढाईपटू. पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची, मुलींच्या वसतिगृहात राहायची. काटक, बोलायला कमी आणि पायाने वाऱ्याची. आमचं ते शेवटचं वर्ष, म्हणून मावशींनी दोन माळा गुंफून ठेवलेल्या, एक माझी आणि एक तिची. आणि सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानावर ती मला म्हणाली, "कॅप्टन, मी उद्या नाय खेळनार. गुरुवारी मुंबईला चाचणी हाय."

एका सरकारी खात्याला मुलींचा संघ उभारायचा होता. निवड झाली की नोकरी.

"म्हणजे संघ गेला खड्ड्यात?"

"संघ कुठं जातोय. बाकीच्या हायेत ना. पन माझा गुडघा गेला त मंग माझं सगळंच गेलं."

"तू संघाची नाहीसच सुनंदा," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "तू तुझ्या गुडघ्याची आहेस."

ती खाली बसली, नी-कॅप काढली, घडी केली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जणीच मैदानात उतरलो आणि सहा जणींनी सामना जिंकला. दोन गुणांनी. शेवटची चढाई माझी. गोष्ट इथे संपते. तात्पर्य मी सांगत नाही, मुलींच्या तोंडाकडे बघते. मुलींच्या डोळ्यांत पाणी आलेलं असतं. परवाही आलं. सई मान खाली घालून बसली होती आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं.

तेवढ्यात पूनम म्हणाली, "ताई, मग राखीव मुली कुठे होत्या?"

पूनम ही आमच्या संघातली अकरावी की बारावी खेळाडू. तिची आई पंचवटीच्या बाजारात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसते. पोरगी सराव एक दिवस चुकवत नाही, पण या हंगामात एकाही सामन्यात उतरलेली नाही. बाकीच्या खेळतात, ती बाटल्या भरते. तिच्या प्रश्नात काही खोच नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं.

"बसल्या होत्या बाहेर," मी म्हणाले.

"मग त्यांना का नाही घेतलं?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, साडेआठ वाजले, चला, कॉलेजला उशीर होईल. एवढ्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, नवऱ्याने नाही, सरांनी नाही. आणि मला तरी कुठे सुचलं होतं विचारायला?

कचेरीत त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. समोर फाइल आणि डोळ्यांपुढे तो दिवस. आम्ही टेम्पोतून निघालो होतो; सर आले नव्हते, सगळं माझ्यावर होतं. ऊन अजून कोवळं होतं आणि द्राक्षं गारठू नयेत म्हणून बागांमध्ये पहाटे पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर जमिनीलगत रेंगाळत होता. टेम्पोत बाकीच्या गात होत्या. मी गात नव्हते, मी रुसले होते. मावशींच्या घरी चुलीवर वांगी भाजत लावली होती, त्यांचा खरपूस वास अंगणभर. पण मावशी सामन्याआधी कोणाला जेवू घालायच्या नाहीत. "पोटात भाकर असली की दम टिकत नाय. आधी खेळा, मंग जेवा." हातात फक्त ओल्या हरभऱ्याचे डहाळे द्यायच्या. ते सोलत सोलत आम्ही मैदानाकडे गेलो. आणि आमच्यात रेखा होती.

रेखा नांदगावची. दुसऱ्या वर्षाला, डाव्या कोपऱ्यात पकडीला चांगली, पण तिची जागा कधी मोकळी व्हायचीच नाही. सामना सुरू व्हायच्या वेळी ती रेघेजवळ येऊन उभी होती. स्वेटर काढलेला. गुडघ्यावर नी-कॅप चढवत होती. पंच म्हणजे गावच्या शाळेचे गुरुजी, ते म्हणाले, "सातवी या." ती पाऊल टाकणार तेवढ्यात मी म्हणाले, "रेखा, बस." तिला वाटलं मी थट्टा करतेय. ती हसली. "बस म्हणते ना." मग ती बसली. गुरुजी म्हणाले, "अगं, मुली आहेत की तुझ्याकडे." मी म्हणाले, "आम्ही सहाच खेळणार."

कारण चिंचेखाली, गावातल्या बायकांमध्ये, मला सुनंदा दिसली होती. आली होती. साध्या ड्रेसमध्ये, डोक्यावरून ओढणी घेतलेली. मला वाटलं, माळ घ्यायला आली निर्लज्ज. तिची मोकळी जागा तिच्या डोळ्यांना दिसली पाहिजे, पूर्ण तीस मिनिटं दिसली पाहिजे, एवढंच माझ्या मनात होतं. संघाचा अभिमान वगैरे सगळं नंतर चिकटवलेलं.

जिंकल्यावर ढोल वाजले. मावशींनी माझ्या गळ्यात माळ घातली आणि दुसरी घेऊन चिंचेकडे निघाल्या. मी म्हणाले, "मावशी, ती खेळलीच नाही."

"मंग?" मावशी म्हणाल्या. "माळ काय खेळल्याबद्दल असती का? पोर चालली, म्हनून घालायची."

आणि त्यांनी ती सुनंदाच्या गळ्यात घातली. मावशींचं हे वाक्य मी गोष्टीत कधी सांगत नाही. आणि आणखी एक सांगत नाही. सामना झाल्यावर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. "कॅप्टन ना तुम्ही? मी रेखाचा बाप. नांदगावहून आलो. चांगलं खेळलात." त्यांच्या पिशवीत खाऱ्या शेंगदाण्याच्या पुड्या होत्या, दोऱ्याने बांधलेल्या. आम्हा सहा जणींना त्यांनी एकेक दिली. सातवी पुडी हातात धरून ते जरा वेळ उभे राहिले आणि मग ती त्यांनी परत पिशवीत ठेवली. शेंगदाणे ताजे होते, मी टेम्पोत बसल्या बसल्या संपवले. पुढच्या वर्षी रेखा सरावाला आली नाही, असं कोणीतरी सांगितलं. माझं लग्न ठरत होतं, मी ऐकलं आणि सोडून दिलं.

जेवणाच्या सुट्टीत मी सुनंदाला फोन लावला. आमचं भांडण कधीच मिटलेलं आहे. ती त्या चाचणीत निवडली गेली, चार वर्षं खात्याकडून खेळली, मग गुडघा गेलाच, पण नोकरी राहिली. दोन भावांची शिक्षणं तिने केली, पाड्यावर पक्कं घर बांधलं. आमच्या जुन्या मुलींच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवते. मी तिला पूनमचा प्रश्न सांगितला.

ती म्हणाली, "लई वर्षांनी कोणीतरी विचारलं गं."

"तुला माहीत होतं?"

"मला माहीत नसेल तर कोणाला? तू मला बोललीस ना, त्या संध्याकाळी मी रेखाकडे गेले. म्हटलं, उद्या तू माझ्या जागी आहेस. बापाला बोलावून घे. तिने बूथवरून त्यांच्या शेजारच्या दुकानात फोन केला. नांदगावचा बाजाराचा दिवस होता, तरी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि पहाटेची गाडी पकडली. माझी नी-कॅपसुद्धा मीच दिली तिला."

"आणि तू आलीस ती?"

"तिची पहिली मॅच बघायला आले. पेठच्या एसटीने निघाले होते, मधेच उतरले. तुला काय वाटलं, माळेसाठी आले?"

मला तेच वाटलं होतं. पंचवीस वर्षं तेच वाटत होतं. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस कधी?"

"तू ती गोष्ट एवढी रंगवून सांगायचीस," सुनंदा म्हणाली, "मला वाटायचं, असू दे."

एका मुलीच्या अंगात असतं तरी काय? दोन पाय, दोन हात, छातीत दम. डोंगरातून एक मुलगी तेवढ्याच भांडवलावर खाली येते आणि आपण तिला म्हणतो, हे सगळं आमच्या सामन्यासाठी खर्च कर, कारण आम्ही टेम्पोत एकत्र गातो. गातो हे खरं आहे. ते गाणं मला आजही हवंहवंसं वाटतं, मावशींचं भरीत आठवलं की आजही तोंडाला पाणी सुटतं, आणि त्या संघासारखी माणसं मला नंतर कुठे भेटली नाहीत. पण त्या दिवशी संघाशी बेइमानी सुनंदाने केली नव्हती. ती आपली जागा दुसरीच्या हवाली करून बाजूला झाली होती. ती जागा मोकळी ठेवली मी. सामना जिंकला म्हणून कोणाला दिसलं नाही. हरलो असतो तर सर रागावले असते, चार जणींनी विचारलं असतं, आणि मी कदाचित त्याच आठवड्यात नांदगावला जाऊन आले असते. जिंकण्याने माझं नुकसान केलं, असं आज वाटतं. रेखाचं तर केलंच.

आज सकाळी मैदानावर सईला बाजूला घेतलं. डोळे सुजलेले होते तिचे.

"नको खेळूस रविवारी," मी म्हणाले. "गुडघा तुझा आहे, तूच सांभाळायचा. पण टेम्पोत बसायचं. तिथे येऊन माळ घ्यायची."

"ताई, मी खेळणार नाही तरी?"

"माळ काय खेळल्याबद्दल असते का?" मी म्हणाले. मावशींचं वाक्य वापरायला मला इतकी वर्षं लागली. मग पूनमला हाक मारली. ती बाटल्या भरत होती. "पूनम, ठेव त्या बाटल्या. रविवारी सईच्या जागी तू. आईला सांग यायला."

ती हातात बाटली धरून तशीच उभी. नळ चालूच. "ताई, रविवारी बाजार असतो. पण आई येईल. टोपली शेजारच्या भाजीवालीकडे ठेवून येईल."

सईने आपली नी-कॅप काढली आणि न सांगता तिच्या हातात दिली. मी दुसरीकडे बघितलं. मुलींसमोर रडण्याचा मला कंटाळा आहे.

घरी आले, चहा केला, तो गार झाला आणि मग सुनंदाने पाठवलेला नंबर लावला. रेखा आता वडिलांचं दुकान चालवते. मागे वजनकाट्याचा आणि गिऱ्हाइकांचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं. ती "थांबा" म्हणाली, बहुतेक दुकानाच्या मागच्या बाजूला गेली.

"बोल कॅप्टन."

मी बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "रेखा, त्या दिवशी चूक माझी होती."

"होती," ती म्हणाली. 'जाऊ दे गं' नाही, 'इतकी जुनी गोष्ट' नाही. मला ते बरं वाटलं.

मग ती सावकाश बोलायला लागली. "मॅच झाल्यावर जर्सीवरच ड्रेस चढवला मी. घरी जाईपर्यंत काढली नाही. गाडीत बाबा म्हणाले, आता काढ पोरी, घामट झाली असेल. घाम आलाच कुठे होता?"

मी गार चहाचा कप बाजूला सारला.

"मी कबड्डी सोडली त्याचं बाबांना अजून वाईट वाटतं. त्यांना वाटतं, मी चांगली नसेन, म्हणून नाही घेतलं. मीच कधी खरं सांगितलं नाही. काय सांगणार, कॅप्टन रुसली होती म्हणून?"

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले. "बाबा आहेत ना?"

"आहेत. ऐकू कमी येतं. मोठ्याने बोलावं लागेल."

"ते मला जमतं."

ती पहिल्यांदा हसली. मग मी रविवारचं सांगितलं. पूनमचं नाव सांगितलं, तिची पहिली मॅच आहे म्हणाले, आई भाजीची टोपली दुसरीकडे ठेवून येणार आहे म्हणाले. पलीकडे कोणीतरी किलोभर साखर मागत होतं. रेखाने त्याला थांबायला सांगितलं.

"सात जणी उतरवणार ना?"

"सात."

"बघते मग. दुकानाचं काहीतरी करावं लागेल. बाबांना घेऊन यायचं म्हणजे पहाटेची गाडी बघायला हवी."

फोन ठेवला तेव्हा गॅलरीत ऊन आलं होतं. आता हे ऊन नुसतं बसायला बरं वाटत नाही, जरा चटकायला लागलं आहे. पंधरवड्यात स्वेटर पेटीत जातील, मुली परीक्षेला लागतील आणि मैदानावर सकाळी मी आणि दोन-तीन नव्या मुली एवढ्याच उरू. गेली कितीतरी वर्षं मी या दिवसांची वाट त्या गोष्टीसाठी बघत होते. ती गोष्ट आता मला सांगता येणार नाही. दुसरी एक आहे, पण ती रविवारनंतर.

मग मथुरामावशींच्या सुनेला फोन लावला.

"ताई, झालं का नक्की? दोन का तीन?"

"चार."

"चार कशा? तुम्ही म्हटला होता शेवटच्या वर्षाला तिघीच हायेत."

"तिघीच आहेत," मी म्हणाले. "चौथी आमच्या वेळची. गेली तेव्हा घालायची राहिली."